पेढीवरून दिसलेले अठरावे शतक

जानेवारी १७६१ च्या अखेरीची गोष्ट. पानिपतावर कोंडल्या गेलेल्या भाऊसाहेबांच्या मदतीसाठी नानासाहेब पेशवे फौजेनिशी उत्तरेकडे चालले होते. माळव्यात भेलशाच्या सुमारास मुक्काम असता उत्तरेकडून दक्षिणेस निघालेला एका सावकाराचा कासीद त्यांच्या लोकांना आढळला. त्याच्याजवळची चिठ्ठी उघडून पाहिली, तर तीत लढाईचा शब्द नव्हता, कोणाचे नाव नव्हते. होता तो केवळ हिशेब. दोन मोत्ये नाहीशी झाल्याचा, सत्तावीस मोहरा गमावल्याचा, आणि चांदी व तांबे यांची तर बेरीजच लागत नसल्याचा. पेशव्यांना तो वाचताक्षणी समजला. मोत्ये म्हणजे पुत्र विश्वासराव व बंधू सदाशिवराव भाऊ, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि चांदी-तांबे म्हणजे ती सगळी अनाम माणसे, ज्यांत शिपाई होते, बाजारबुणगे होते आणि लष्कराच्या आश्रयाने तीर्थयात्रेस गेलेली कुटुंबेही होती. लढाई १४ जानेवारीस झाली होती. त्याच वर्षी २३ जूनला नानासाहेबांनी पर्वतीवर देह ठेवला.

ही कथा आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे आणि ऐकताना आपले लक्ष साहजिकच त्या दोन मोत्यांवर गेले आहे. आम्ही व्यापारी कुळात जन्मलो म्हणून म्हणा किंवा वयोमानाने म्हणा, आम्हांस अलीकडे त्या चिठ्ठीपेक्षा तो चिठ्ठी नेणारा माणूस अधिक विचार करावयास लावतो. एवढे मोठे राज्य, पण त्याच्या धन्यास आपल्या घरची बातमी कळली ती एका सावकाराच्या डाकेतून. सरकारी जासुदांच्या आधी पेढीचा कासीद त्या वाटेवर पोहोचला होता. आणि ती बातमी पेढीच्या भाषेत लिहिली होती याचेही कारण उघड आहे. वाटेत कोणी फोडली तर अर्थ लागू नये, आणि दक्षिणेतील आडत्यास मात्र तत्काळ उमजावे की आता उत्तरेकडील हुंड्या घेताना हात आखडावा, दिलेला पैसा अडकला, पुढील भाव काय राहील सांगवत नाही.

अठरावे शतक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घोडदळे उभी राहतात. ती खरीच होती. परंतु त्या घोड्यांचा चंदी-दाणा ज्या पैशावर चालला तो कोठून आला, कोणाच्या वहीतून गेला, आणि ज्या गावांत ती वही लिहिली जात होती तेथील माणसे सकाळी उठून काय करीत होती, याची चौकशी आपल्या मंडळाच्या वार्षिक अंकात नाही करावयाची, तर कोठे करावयाची?

प्रथम पेठेत जाऊ. पुण्याचेच उदाहरण घेणे सोयीचे, कारण तेथील कागद भरपूर उरले आहेत. शतकाच्या आरंभी पुणे हा एक कसबा होता. शतक संपता संपता त्याच्याभोवती पेठांचे कडे पडले होते. शुक्रवार, बुधवार, रविवार, वेताळ, पुढे थोरल्या माधवरावांच्या वेळी भवानी व सदाशिव, आणि नाना फडणिसांच्या वेळी त्यांच्याच नावाची नाना पेठ. पेठ ही आपोआप वसत नसे. ती वसवावी लागे. सरकार कोणा एका कर्त्या माणसास शेटेपणाचे वतन देई, येणाऱ्या दुकानदारांस काही वर्षे जकात व मोहतर्फा माफ असल्याचा कौल देई, आणि मग तो शेटे गावोगावच्या उदमी लोकांना बोलावून आणी. शेटे आणि महाजन हे पेठेचे वतनदार. कोणाचे दुकान कोठे, कोणाकडून काय हक्क घ्यावयाचा आणि व्यापाऱ्यांचा तंटा कसा तोडावयाचा, हे त्यांनी पाहावयाचे. मारवाड व गुजराथेतून आलेले आपले बांधव मुख्यतः ज्या भागांत राहिले त्यांपैकी वेताळ पेठ एक. तीच आजची गुरुवार पेठ, आणि तेथील पार्श्वनाथाचे मंदिर पुण्यास जाणाऱ्या आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहेच.

पेठेवर कोतवालाची नजर असे, आणि ती केवळ चोरांवर नसे. भाव ठरविणे, परगावाहून कोण आले व कोण गेले याची नोंद ठेवणे, घरांच्या खरेदीविक्रीची दखल घेणे, सरकारी कामास मजूर पुरविणे, कसबी लोकांकडून कर वसूल करणे, ही सारी कामे त्याच्याकडे. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरण्यास बंदी. दिवस उगवला की कात्रजहून नळाने आणलेल्या पाण्याच्या हौदांवर गर्दी. ते पाणी नानासाहेबांनी सुमारे १७५० साली शहरात आणले. आपल्या श्रावक व्यापाऱ्याचा दिवस मात्र कोतवालाच्या तोफेवर चालत नसे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपावयाचे, म्हणजे दुकानाचा हिशेब त्याआधी तरी मिळवावा किंवा समईच्या उजेडात मागाहून बसावे. कोतवालाच्या हाती एवढी सत्ता एकवटली की काय होते, हे पुणेकरांनी घाशीराम सावळदासाच्या काळात पाहिले. १७९१ साली संतप्त जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले, ती हकीकत सर्वश्रुत आहे.

आता दुकानात शिरू. समजा, बडोद्याचा एक कापडवाला पुण्यास माल विकून बसला आहे आणि त्याच्या पुढ्यात रुपयांची रास आहे. रुपये म्हणजे तरी काय? त्या राशीत अंकुशी असतील, चांदवडी असतील, मल्हारशाही, सुरती, अर्काटी असतील. कर्नाटकाकडचा गिऱ्हाईक असेल तर सोन्याचे होन असतील. टांकसाळी अनेक, आणि पुष्कळ ठिकाणी त्या सरकारी परवान्याने खाजगी माणसेच चालवीत. प्रत्येक नाण्याचा कस निराळा, वजन निराळे, एकाच नाण्याची जुनी व नवी किंमत निराळी. म्हणून सराफ. तो नाणे वाजवून पाही, झिजेचा अंदाज घेई, आणि एका चलनाचे दुसऱ्यात रूपांतर करताना बट्टा कापून घेई. ‘बट्टा लागणे’ हा शब्दप्रयोग आज आपण माणसाच्या नावाविषयी करतो. त्या काळी तो आधी रुपयाला लागत असे. सामान्य कुणब्याच्या हाती यांपैकी काहीच क्वचित येई. त्याचा व्यवहार शिवराई पैशात, किंवा त्याहूनही अधिक, धान्यात.

एवढी रोकड घेऊन घाट उतरणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण. म्हणून तो कापडवाला रोकड सराफाकडे भरी आणि बडोद्याच्या पेढीवरची हुंडी घेई. हुंडीविषयी आमच्या वाचकांस नवे काय सांगावे? परंतु नव्या पिढीतील मुलांनी ती पाहिलेलीही नाही, म्हणून दोन शब्द लिहितो. तो एक साधा कागद. वर मंगलाचरण, मग ज्याच्यावर लिहिली त्या पेढीचे नाव, लिहिणाऱ्याचा रामराम किंवा जयजिनेंद्र, आणि मग रक्कम. ती रक्कम लिहिण्यातच सगळी हुशारी. नुसता आकडा लिहून भागत नसे. हजार रुपये असतील तर हजार लिहावयाचे, त्याचे निमे पाचशे म्हणून लिहावयाचे, आणि त्या पाचशांची दुप्पट द्यावी असे पुन्हा लिहावयाचे. कोणी आकड्यापुढे एक शून्य वाढविले तर निमे जुळत नाही. निमे बदलावे तर दुप्पट जुळत नाही. दाखविताच पैसे द्यावयाचे ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनी द्यावयाचे ती मुदती. कोणाही प्रतिष्ठित शहाच्या हाती द्यावयाची ती शाहाजोग, म्हणजे चोराने पळविली तरी त्याला वटविता येऊ नये. हरवली तर तिची ‘पेठ’ लिहून द्यावयाची, पेठही हरवली तर ‘परपेठ’. पैसे चुकते झाले म्हणजे तो कागद ‘खोखा’ झाला, आणि खोखा तारेला टोचून ठेवावयाचा.

या सगळ्यास राज्याचा कायदा आधाराला नव्हता, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे. पुण्यात पेशवे, बडोद्यास गायकवाड, इंदुरास होळकर, हैदराबादेस निजाम. हे आपापसांत केव्हा लढत आणि केव्हा तह करीत याचा नेम नसे. पण पुण्याच्या सराफाने लिहिलेला कागद हैदराबादेत वटत होता, कारण तो न वटविणाऱ्याची पत दुसऱ्या दिवशी बाजारात उठत असे. पत उठलेल्याला महाजन उभा करीत नसत, त्याच्या घरची सोयरीक कोणी जोडीत नसे. शिक्षा म्हणून यापेक्षा कडक काय हवे?

माल मात्र कागदावर जात नाही. तो बैलावरच जावयाचा. वंजारी आणि लमाण यांचे तांडे, हजारो बैलांचे, धान्य व मीठ घेऊन देशभर हिंडत. आमच्या बेळगावकडच्या वाचकांना रामघाटाची आठवण करून द्यावयास नको. कोकण-गोव्याकडून मीठ, नारळ, सुपारी वर चढावयाची आणि देशावरून धान्य, गूळ, कापड खाली उतरावयाचे. किल्ल्यालगतचे शहापूर हे पटवर्धनांच्या अमलातले गाव अशाच चढउतारावर पोसले गेले. पणजीच्या म्हामाय कामत घराण्याच्या दप्तरात त्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे कागद जपले गेले, त्यांत पोर्तुगीज व फ्रेंचांबरोबर मराठी आणि गुजराथी कागदही आहेत. एका पेढीला केवढे जग हाताळावे लागे याची त्यावरून कल्पना येते.

वाटेतल्या धोक्याची व्यवस्थाही व्यापाऱ्यांनीच लावली होती. माळव्यात ‘हुंडा-भाडे’ म्हणून पद्धत होती, तीत माल पोहोचविणारा भाड्याबरोबर लुटालुटीची जोखीमही अंगावर घेई. विम्याचा दर अंतर व रस्त्याची शांतता पाहून ठरे. समुद्राकडे जोखमी हुंडी चाले. गलबत बुडाले तर त्या हुंडीचे पैसे मागावयाचे नाहीत. गुजराथेत तर तांड्याबरोबर भाट किंवा चारण जाई. त्याच्यापाशी हत्यार असलेच तर ते लुटारूंवर चालविण्यासाठी नसे. तांड्यास हात लावाल तर मी स्वतःवर कट्यार चालवीन आणि माझे रक्त तुमच्या माथी येईल, एवढीच त्याची धमकी. तिने पुष्कळदा काम भागे. माणसे लुटारू असली तरी पाप-पुण्य मानणारी होती, एवढे तरी त्यावरून दिसते.

कर्ज घेत नसे असा माणूस त्या समाजात विरळा. पहिले बाजीराव केवढे पराक्रमी, पण ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत सावकारांपुढे किती वाकावे लागते याची व्यथा आहे. आणि ते स्वामीही पैसे व्याजाने लावीत असत! १७४० ते १७६० या वीस वर्षांत नानासाहेबांनी काढलेली कर्जे सुमारे दीड कोटींच्या घरात जातात व व्याज शेकडा बारापासून अठरापर्यंत, असे न्यायमूर्ती रानडे यांनी रोजनिशींवरून दाखविले आहे. थोरल्या माधवरावांनी १७७२ साली अखेरच्या आजारात जी यादी करून ठेवली, तीत आपले कर्ज फेडले जावे हे कलम आहे. तरुण वयात मरणाऱ्या राज्यकर्त्यास सावकाराचे देणे आठवावे, ही गोष्ट आम्हांस त्याच्या लढायांइतकीच मोठी वाटते.

वरची पायरी अशी, तशीच खालची. मामलेदाराला नेमणूक घेताना सरकारात ‘रसद’ म्हणून आगाऊ भरणा करावा लागे. तो पैसा सावकाराचा. मामलेदार तो रयतेकडून वसूल करी. रयत हप्त्यासाठी पुन्हा गावच्या वाण्याकडे जाई. पेरणीस बी नसले तर वाढी-दिढीने धान्य घ्यावयाचे, म्हणजे मण घेतले तर सुगीला दीड मण घालावयाचे. व्याज मुद्दलाहून अधिक मागू नये, हा दामदुपटीचा नियम शास्त्राने सांगितलेला व व्यवहारात मानलेला होता. त्याने अनेक घरे वाचली असतील. पण दुष्काळ नियम पाळीत नाही. १७९१-९२ चा दुष्काळ दक्षिणेत कवटीच्या नावाने ओळखला गेला, इतकी प्रेते बेवारस पडली. अशा काळी पोटासाठी माणसे विकली जात, कुणबिणी म्हणून बायका विकल्या जात, आणि त्या विक्रीची नोंद व जकात सरकार दप्तरी होई. धान्य कोणाच्या पेवात होते, हा प्रश्न आपणांस आपल्या पूर्वजांविषयी विचारता आला पाहिजे. केवळ दानशूरांची चरित्रे छापून तो सुटत नाही.

उलट बाजूने, देणेकरी मोठा असला तर सावकाराने काय करावे? त्याने तगादा लावावयाचा, त्याच्या दारात आपला माणूस बसवावयाचा. त्याहून पुढची पायरी म्हणजे धरणे. उपाशी बसलेल्या धनकोला ओलांडून ऋणकोने जेवू नये, असा संकेत. सरदारही या धरण्याला वचकत. मात्र सरदाराजवळ तलवार होती, आणि तलवार असलेला ऋणको किती दिवस वचकेल हा त्या शतकाचा खरा प्रश्न होता.

या प्रश्नाला निरनिराळ्या गावांत निरनिराळी उत्तरे मिळाली. अहमदाबादेचे उत्तर १७२५ चे आहे. हमीदखानाच्या मदतीस आलेल्या मराठी फौजा शहर लुटण्याच्या बेतात होत्या. शांतिदास झवेरींचे नातू खुशालचंद हे तेव्हा पुढे झाले, पदरचा पैसा ओतला, आणि शहरावरची लूट टळली. नंतर शहराच्या व्यापाऱ्यांनी जे केले ते अधिक लक्षात ठेवण्याजोगे. हिंदू आणि मुसलमान, सर्व महाजनांनी मिळून लेख करून दिला की, शहरात छाप पडणाऱ्या मालावर शेकडा चार आणे खुशालचंदांना व त्यांच्या वंशजांना मिळावेत. एका माणसाने भरलेला पैसा सगळ्या बाजाराने वाटून घेतला. अहमदाबादच्या पोळींचे दरवाजे रात्री बंद होत, चबुतऱ्यावर पाखरांना दाणे पडत, महाजनाने पाखी जाहीर केली की कारखाने थांबत. या सर्व नित्यक्रमाच्या मुळाशी तो चार आण्यांचा लेख होता असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १७८० साली इंग्रज सेनापती गॉडर्ड शहरात शिरला तेव्हाही नगरशेठ नथुशा, काझी आणि दिवाण असे तिघे मिळून त्याच्याकडे गेले व लुटीस मनाई करणारा जाहीरनामा घेऊन आले.

मुर्शिदाबादेचे उत्तर निराळे. नागोरहून गेलेले हे ओसवाल जैन घराणे. फत्तेचंदांना दिल्लीच्या बादशहाने ‘जगत्शेठ’ ही पदवी दिली, बंगालच्या टांकसाळीवर त्यांचा ताबा, शिखरजीच्या मंदिरांना त्यांचा आश्रय. १७४२ च्या मे महिन्यात भास्करपंतांच्या फौजेतील स्वार मीर हबीबाबरोबर मुर्शिदाबादेवर पडले आणि जगत्शेठांची कोठी लुटली. गुलाम हुसेन या इतिहासकाराने लुटीचा आकडा दोन कोटी अर्काटी रुपये असा दिला आहे; दुसरे वृत्तांत तीन लाखांवर थांबतात. आकडा कोणताही धरा, पण पेढी पूर्ववत दर्शनी हुंड्या वटवीत राहिली, असा तिचा लौकिक आहे. आम्ही मराठी बोलणारे जैन आहोत. लुटणारेही आपल्या भाषेचे आणि लुटले गेलेले आपल्या धर्माचे, तेव्हा हा प्रसंग लिहिताना लेखणी अडखळते. परंतु बंगालमधील आया आजही मुलांना निजवताना बर्गीचे नाव घेतात, ते पुसून टाकणे आपल्या हाती नाही.

सर्वांत साधे उत्तर इंदुरास मिळाले. ते जॉन माल्कमने १८२३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. देवचंद नावाचा एक श्रीमंत सावकार निपुत्रिक वारला. तुकोजी होळकरांचा तळ तेव्हा इंदुराजवळ होता. कोणा हितसंबंधी माणसांनी त्यांचे कान भरले आणि त्या घरातील धनाचा वाटा मागण्याचे ठरले. निपुत्रिकाचे धन सरकारजमा करणे ही त्या काळी सर्वत्र चालत आलेली वहिवाट. तीत कोणाला वावगे वाटले नसते. पण देवचंदाची विधवा गप्प बसली नाही. तिने महेश्वर गाठले आणि अहिल्याबाईंपुढे फिर्याद मांडली. बाईंनी तिला वस्त्रे देऊन पतीच्या घराची व मालमत्तेची एकटी धनीण म्हणून कायम केले, आणि त्याच वेळी तुकोजींना हुकूम धाडला की, तळ इंदुरापासून काही अंतरावर हलवावा आणि माझ्या शहरास अन्यायाच्या मागणीने उपद्रव देऊ नये. १७६७ ते १७९५ या अहिल्याबाईंच्या कारकिर्दीत इंदुरास सावकारी पेढ्या का वाढल्या, याचे उत्तर शोधण्यासाठी फार दप्तरे चाळावयास नकोत. त्या विधवेचे नाव माल्कमच्या हकीकतीत नाही. तिने इंदूर ते महेश्वर हा प्रवास कोणाच्या सोबतीने केला असेल, घाट उतरताना तिच्या मनात काय आले असेल, याचा विचार आमच्या मनातून जात नाही.

अहिल्याबाई १७९५ साली गेल्या. त्यानंतर तीनच वर्षांनी पुण्यात काय झाले ते पाहा. दुसऱ्या बाजीरावास गादीवर बसविल्याबद्दल दौलतराव शिंद्यांना पैसा द्यावयाचा होता आणि तिजोरीत तो नव्हता. तेव्हा शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांना शहरातून पैसा काढण्यास मोकळीक देण्यात आली. १७९८ साली त्यांनी पुण्यातील सावकार, व्यापारी आणि नाना फडणिसांच्या पक्षाचे गृहस्थ पकडून त्यांचा छळ मांडला. तापलेल्या तोफांवर माणसे बांधली. फडणिसांचे आप्त गंगाधरपंत भानू त्यात प्राणास मुकले. लुटारूंपासून पेठेचे रक्षण करण्यासाठी ज्याने कौल दिला, जकात माफ केली, शेटेपणा दिला, त्याच गादीच्या संमतीने पेठ लुटली गेली. चार वर्षांनी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ लढाई जिंकून यशवंतराव होळकर पुण्यात आले आणि पुन्हा शहरावर खंडणी बसली. मागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ. जे सावकार उरले त्यांनी पैसा जमिनीत पुरला, सोने केले, किंवा मुंबईस नेला. पैसा पुरला गेला की हुंडी लिहिली जात नाही, आणि हुंडी नसली की फौजेला पगार नाही. मग शिपाईच आपल्या धन्याच्या दारात धरणे धरून बसतात. उत्तर पेशवाईत तेही झाले.

अशा वेळी सावकार कंपनीकडे वळले, यात नवल ते काय? सुरतेच्या पेढ्यांनी इंग्रजांना हुंड्या पुरविल्या. बडोद्यास १८०२ साली अरब शिबंदीचा थकलेला पगार भागवावयाचा होता, तेव्हा हरिभक्तीसारख्या पेढ्यांनी गायकवाडांना पैसा दिला, पण कंपनीची हमी घेऊन; स्वतःच्या राजाची सही त्यांना पुरेशी वाटली नाही. जगत्शेठांनी तर १७५७ सालीच नबाबाविरुद्धच्या कटात हात घातला होता. त्याचे फळ त्यांना लवकर मिळाले. १७६३ साली महताबराय व स्वरूपचंद हे दोघे मीर कासिमच्या हुकुमाने मारले गेले. १७६५ साली कंपनीला दिवाणी मिळाली. १७७२ साली खजिना मुर्शिदाबादेहून कलकत्त्यास गेला, आणि ज्या पेढीवाचून बंगालचा महसूल दिल्लीस जात नव्हता, तिच्याकडे काम उरले नाही. १८३५ साली कंपनीने एकच रुपया सर्वत्र चालू केला, तसा सराफाचा बट्टाही हळूहळू गेला. आपल्या लोकांनी निवडलेला धनी पैशाच्या बाबतीत चोख होता, इतका चोख की त्याला सावकार लागेनासा झाला.

या शतकाचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी आहेत. सरदेसायांनी १९३० नंतर त्यांतून पंचेचाळीस खंड निवडून छापले. पण ते सरकारचे कागद. पेढ्यांच्या वह्या घरोघर होत्या, आणि त्यांची काय गत झाली ते आम्ही आमच्याच घरी पाहिले. माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या मोडी वह्यांच्या चळती होत्या. घरात मोडी वाचणारे कोणी उरले नाही. एका पावसाळ्यात माळा गळला, वाळवी लागली, आणि घराच्या दुरुस्तीच्या घाईत आम्हीच त्या चळती रद्दीवाल्याच्या तराजूत घातल्या. त्या किती जुन्या होत्या हे आता सांगता येणार नाही. दोष दुसऱ्या कोणाचा नाही.

त्या गडबडीतून एक तार तेवढी राहिली. आजोबांच्या गादीमागच्या खुंटीला ती टांगलेली असे आणि तिच्यात खोखे टोचलेले. आता तिच्यावर सातच कागद आहेत, सातही गेल्या शतकातले, म्हणजे अठराव्याशी त्यांचा काही संबंध नाही. पण परवा एका वृद्ध गृहस्थांकडून त्यांतला एक वाचून घेतला. वर मंगलाचरण, मग पेढीचे नाव, मग रुपये चारशे, त्याचे निमे दोनशे, त्याची दुप्पट देणे. मधोमध तारेचे भोक.